दर बाजाराला एक

केवळाबाईला गोळी कशी घ्यायची ते राजेश्रीनं इतकं सोपं करून सांगितलं होतं, की त्या हुशारीवर ती स्वतःच अकरा दिवस खूश होती. बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, पोहे परतताना तिचा नवरा बन्सीधर सहज एक वाक्य बोलला आणि तिच्या हातातलं उलथणं कढईतच राहिलं.

"आपला तो मेंढरंवाला उमाजी दिसला काल बाजारात. आठवड्याला तीन बाजार करतो म्हणे गडी! एक झरीचा, एक परभणीचा, एक जिंतूरचा."

"आणि केवळाबाई?" राजेश्रीनं विचारलं.

"ती कुठं जाईल? संगंच असती. बकऱ्यांच्या दोऱ्या तिच्याच हातात तर असतात. अगं, पोहे लागायले खाली!"

पोहे लागले. लागेनात का!

झालं होतं ते असं. पिंगळीला बन्सीधरचं तीन एकर रान आहे. खत व्हावं म्हणून उन्हाळ्यात त्यानं उमाजीची मेंढरं आठ दिवस रानात बसवली होती. बन्सीधर पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळं रानाशी त्याचा संबंध रविवारपुरता. आणि राजेश्री शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं जगात कुठंही काही समजावून सांगायचं असलं की ती पुढं. अशाच एका रविवारी हौदापाशी उमाजीची बायको केवळाबाई तिच्याजवळ येऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव म्हणून सांगते. खालच्या अंगाला लय खाज सुटायलीय. आग व्हती. दह्यावानी पांढरं जातं. चार महिने झाले, बरं व्हतं आन फिरून येतं."

चार महिने! आणि त्या चार महिन्यांत इलाज काय, तर लिंबाचा पाला उकळून घेतलेला आणि जावेच्या ट्रंकेतली कसलीशी मलमाची नळी. राजेश्रीचं रक्त उसळलं. त्याच आठवड्यात, बुधवारी, तिनं केवळाबाईला परभणीला एका डॉक्टरबाईंकडं नेलं. उमाजीला सांगितलं, डोळे दाखवायचेत. कारण केवळाबाईनं गळ्याची आण घातली होती: "मालकाला न्हाई, जावंला न्हाई, तुमच्या सायबाला न्हाई. कुण्णाला बोलायचं न्हाई." राजेश्रीनं आण घेतली. शिकलेली माणसं आण घेत नाहीत असं तिचं मत होतं, पण ती घेतली.

डॉक्टरबाईंनी तपासलं. म्हणाल्या, हा बुरशीच्या जातीचा जंतू आहे, किती तरी बायकांना होतो, लाजायचं कारण नाही. सहा गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याला एकच गोळी, ठरलेल्या वारी, सहा आठवडे. विसरली म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून उरलेल्या जावेला द्यायच्या नाहीत. उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, अंगावर पुरळ उठलं तर थांबायचं आणि लगेच यायचं. सगळं नीट सांगितलं हो त्यांनी. बाहेर आल्यावर केवळाबाई म्हणाली, "मॅडम, वार काय माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. रानात कुठला आलाय वार! बाजार तेवढा ध्यानात ऱ्हातो."

आणि इथं आमच्या राजेश्रीमधली बावीस वर्षं शिकवत आलेली शिक्षिका जागी झाली. विद्यार्थ्याच्या अनुभवविश्वातून शिकवावं, असं प्रशिक्षणात सांगतात ना! ती म्हणाली, "मग तर सोपंच आहे, केवळाबाई. दर बाजाराला एक!"

केवळाबाईचा चेहरा उजळला. "दर बाजाराला एक," तिनं तीनदा म्हणून दाखवलं. राजेश्रीला वाटलं, हे शाळेत कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

आता ती गॅस बंद करून बोटं मोजत होती. आठवड्याला तीन बाजार. अकरा दिवस. म्हणजे पाच. सहापैकी पाच गोळ्या पोटात! पाचव्या आठवड्यात जी घ्यायची ती बाई दुसऱ्याच आठवड्यात घेऊन मोकळी झालेली. तिच्या डोळ्यापुढं केवळाबाईचे पिवळे डोळे आले. मग पुरळ आलं. मग उमाजी आला, हातात काठी घेऊन. हे सगळं पोहे गार व्हायच्या आत.

तिनं उमाजीला फोन लावला. सात वेळा बंद, आठव्यांदा लागला.

"केवळाबाईला द्या की जरा."

"ती मेंढरामागं गेली, मॅडम. काय काम व्हतं?"

काय काम होतं! आण घेतलेल्या माणसानं काय सांगावं? राजेश्रीला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं तोंडाला येईल ते निघालं. "बकरी घ्यायची होती. दुभती. म्हटलं केवळाबाईला बायकांच्या नजरेनं विचारावं."

"आवो, मग मला सांगा की! अशी बकरी दावतो तुमाला, लेकरावानी गुणाची. आमी येलदरीच्या अलीकडं उतरलाव, धरणाकडं जायच्या रस्त्याला. याच आता. उंद्या सकाळी बाजार हाय, तितं गेली तर हाताला लागायची न्हाई." आणि फोन बंद. चार्जिंग संपलं असणार.

उद्या बाजार. म्हणजे उद्या सहावी.

तिनं दवाखान्यात फोन केला. तिथं समोरच्या टेबलावर शिवकन्या म्हणून एक मुलगी बसते. ती म्हणाली, डॉक्टरबाई रविवारी दुपारी दोनपर्यंत फक्त तातडीचे पेशंट बघतात. पेशंट समोर पाहिजे. फोनवर गोळ्यांचं काही सांगितलं जात नाही. "तुम्ही पेशंट का?" नाही. "नातेवाईक?" नाही. "मग कोण?" राजेश्रीनं फोन ठेवून दिला. मी समजावून सांगणारी, असं काही म्हणता येत नाही.

"अहो, गाडी काढा. येलदरीला जायचंय. बकरी बघायला," ती बन्सीधरला म्हणाली.

बन्सीधर हा शांत माणूस. वीस वर्षं सरकारी फायलींवर 'सादर' एवढंच लिहून त्यानं संसार केलेला. पण बकरी म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला. "आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो," तो म्हणाला.

दार उघडं होतं ही चूक. शेजारच्या सुमनबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. साखर मागायला आल्या होत्या की काय, ते कधीच कळलं नाही. "बकरी? अगं बाई! कुणाची तब्येत बिघडली? बकरीचं दूध प्लेटलेटला लय चांगलं. माझ्या मावसभावाला डेंग्यू झाला तेव्हा सगळं परभणी पालथं घातलं आम्ही. गुडघ्याला बी चालतं. पण घेताना दात बघावेत. आणि काळी घेऊ नये, नजर लागती. थांबा, मीच येते. तुम्हाला काय कळतंय बकरीतलं!"

राजेश्रीनं नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत सुमनबाई स्टीलची बरणी घेऊन गाडीत बसल्या होत्या. कॉलनीच्या ग्रुपवर गाडी जिंतूर रोडला लागायच्या आत बातमी पडली. 'इमारतीत जनावर पाळण्यास सर्व सभासदांची लेखी संमती लागते' असा सेक्रेटरींचा निरोप झरीच्या पुढं आला. त्याखाली कुणीतरी 'दूध रोज किती?' असं विचारलं होतं.

रस्ताभर सुमनबाई बोलत होत्या, बन्सीधर गाडी चालवत होता आणि राजेश्री मोबाइलवर गोळीचं नाव टाकून वाचत होती. हे एक फार वाईट व्यसन आहे. डोकेदुखीपासून सुरुवात केली की माणूस चार ओळींत यकृतापर्यंत पोचतो. बोरीच्या आसपास तिला केवळाबाईचं यकृत दिसायला लागलं. जिंतूर गाठेपर्यंत ते गेलंच होतं. "गाडी का हळू चालवायलाव?" ती बन्सीधरवर ओरडली. "बकरी कुठं पळून चालली का?" तो म्हणाला. ती रडायच्या बेतात आली, आणि ते बघून तो घाबरला आणि खरंच गाडी जोरात चालवायला लागला. बिचाऱ्याला वाटलं, बायकोचं काहीतरी बिनसलंय, आणि ते बकरीनं बरं होत असेल तर एक सोडून दोन घेऊ.

उमाजीनं बकरी धुऊन, कपाळाला कुंकू लावून उभी केली होती. पांढरी, कानावर तांबूस ठिपका. तो वंशावळ सांगायला लागला. सुमनबाईंनी दात बघितले. बकरीनं सुमनबाईंचा पदर बघितला. राजेश्रीचं लक्ष मात्र बाभळीखाली होतं. तिथं केवळाबाई भुईला दोन्ही हात टेकून बसली होती.

"तिचं काय मनावर घेऊ नका," उमाजी म्हणाला. "ऊन लागलंय परवापासून. कांदा फोडून हुंगायला दिलाय."

राजेश्री धावत गेली. केवळाबाई उठायला गेली आणि दारू प्यायलेल्या माणसासारखी एका अंगाला झुकली. राजेश्रीनं तिला धरलं.

"गरगर करायलंय, मॅडम. पाय टाकावा तर भुई सरकती. सगळं दोन-दोन दिसायलंय. तुमी बी दोन दिसायलाव."

"केवळाबाई," राजेश्रीनं हळूच विचारलं, "गोळ्या किती झाल्या?"

"पाच." आणि एवढ्या गरगरीतही केवळाबाईच्या आवाजात अभिमान होता. "एक बी बाजार चुकीवला न्हाई. गिऱ्हाईक म्होरं उभं ऱ्हायलं, पर आधी गोळी. तुमी सांगितल्यावानी."

राजेश्रीला वाटलं, आपण इथंच बसावं आणि धरणी पोटात घेईल तर बरं. पण धरणी काही तसं करत नाही, आणि दवाखाना दोनला बंद होणार होता. वाजले होते सव्वाबारा. उमाजीला काय सांगून हिला न्यायचं? डोळे दाखवायचे झालेच होते एकदा.

"उमाजीभाऊ, बकरी पसंत आहे," ती मोठ्यांदा म्हणाली. "पण नव्या जागी ती बावरणार. केवळाबाईंना संध्याकाळपर्यंत संगं द्या. त्या तिला रुळवतील. आणि जाता जाता त्यांना उन्हाचं औषध बी देते."

"घ्या की घिऊन!" उमाजी म्हणाला. बन्सीधरला भाव करायचीही संधी मिळाली नाही. तो नुसता खिसे चाचपत 'सादर' म्हणावं तसा उभा होता.

परतीचा प्रवास कुणी विचारू नये. मागच्या सीटवर एका खिडकीला सुमनबाई, दुसऱ्या खिडकीला केवळाबाई डोळे मिटून, आणि मध्ये बकरी. बकरीनं आधी सीटचं नवं कव्हर खाल्लं. मग सुमनबाईंच्या पिशवीचा बंद. "हिला रुळवा की हो, केवळाबाई!" सुमनबाई ओरडल्या. केवळाबाईनं डोळे न उघडता एक हात बकरीच्या मानेवर ठेवला आणि बकरी गप्प बसली. जिंतूरच्या पुढं एका हवालदारानं गाडी थांबवली. आत डोकावून त्यानं विचारलं, "जनावराचा दाखला आहे का? कानात बिल्ला नाही हिच्या." बन्सीधरचा जन्म दाखल्यांमध्ये गेलेला, पण या दाखल्याची त्याला माहिती नव्हती. तो खाली उतरून कोणता नमुना, कोण देतं, किती प्रती, असं आस्थेनं विचारायला लागला. पंधरा मिनिटं! राजेश्री खिडकीतून घड्याळ बघत होती आणि केवळाबाईचे डोळे पिवळे झालेत का ते बघत होती आणि ऊन असं होतं की सगळंच पिवळं दिसत होतं. शेवटी केवळाबाईला ओकारी आली. ते बघून हवालदार मागं सरकला आणि म्हणाला, "जा, जा, जा."

दोनला दहा कमी असताना गाडी दवाखान्याशी लागली. बन्सीधर फाटकाशी बकरीची दोरी धरून उभा राहिला. त्याच्याभोवती लगेच चार माणसं जमली आणि बकरीला काय खायला घालावं ते सांगू लागली. त्यातला एक त्याच्या साहेबांचा शेजारी निघाला. ते सोडा.

आत शिवकन्या म्हणाली, "तक्रार काय? तातडीची आहे का ते रजिस्टरला लिहावं लागतं."

बाकावर आठ माणसं होती. शेजारी सुमनबाई मान लांब करून उभ्या. राजेश्री आवाज बारीक करून काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोला मॅडम, कूलरचा आवाज आहे."

"पडतील त्या खाली!" राजेश्री ओरडली. "दिसत नाही का? धरून उभी आहे मी त्यांना! लिहा, चालता येत नाही. लिहा लवकर!" अख्खा दवाखाना बघत राहिला. वर्गाबाहेर ती एवढ्यानं ओरडल्याचं सुमनबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. शिवकन्येनं लिहिलं.

डॉक्टरबाईंनी केवळाबाईला झोपवलं. डोळ्यांसमोर बोट इकडून तिकडं नेलं. बुबुळं थरथरत बोटामागून जात होती. रेषेवर चालायला सांगितलं, ते जमलं नाही. मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं.

"पाच," राजेश्री म्हणाली. "अकरा दिवसांत."

"आठवड्याला एक सांगितलं होतं."

"माझीच चुकी," केवळाबाई पडल्या पडल्या म्हणाली. "मॅडमनं बराबर सांगितलं व्हतं. मलाच अडाणीला कळलं न्हाई."

इथं राजेश्रीला गप्प बसता आलं असतं. तेवढं तर सोपं होतं. तिच्या इभ्रतीला धक्का लागला नसता आणि केवळाबाईचंही काही गेलं नसतं, असं तिला अर्धं सेकंद वाटूनही गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली. "दर बाजाराला एक, असं मी सांगितलं. त्या तीन बाजार करतात. मी विचारलंच नाही."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं. "जास्त झाल्या. पण नुसत्या पाच गोळ्यांनी माणूस असा भेलकांडत नाही. दुसरं काहीतरी पोटात जातंय. केवळाबाई, रोजची कुठली गोळी चालू आहे?"

केवळाबाईनं एकदा राजेश्रीकडं बघितलं. "फिटाची," ती हळूच म्हणाली. "ल्हानपणापासून हाय. रोज जेवल्यावर. आईनं सांगितलं हाय, ती कदी चुकवू नको."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेच! ही बुरशीची गोळी फिटाच्या गोळीला अंगातून लवकर बाहेर पडू देत नाही. ती साठत गेली. म्हणून गरगर, म्हणून दोन-दोन दिसतंय. अजून चार दिवस गेले असते तर उचलून आणावं लागलं असतं यांना. आणि मी त्या दिवशी हे विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. कागदावर लिहिलंय माझ्या: दुसरं औषध, नाही."

आता एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. आतापर्यंत सांगितली नाही, कारण राजेश्रीलाही ती आठवत नव्हती. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, आणि केवळाबाईनं तोंड उघडलंही होतं. पण उत्तर दिलं राजेश्रीनं. हसत हसत दिलं. "छे हो, यांना कसली औषधं! रानातली काटक माणसं आहेत ही." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसती मान हलवली होती. आणि केवळाबाईनं तोंड मिटून घेतलं होतं.

"ते उत्तर मी दिलं होतं," राजेश्री म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही विज्ञान शिकवता ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, खरंच विचारलं त्यांनी. आणि तेच जास्त लागलं.

मग त्यांनी भराभर सांगितलं. बुरशीची गोळी आजपासून बंद. फिटाची गोळी मनानं बंद करायची नाही, नाहीतर फिट येईल. रक्तात ती किती साठली ते तपासायचं आणि फिटाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. दोन दिवस इथंच राहायचं. खाजेसाठी पोटातून काही नाही, आतून लावायचं औषध देऊ, ते फिटाच्या गोळीच्या आड येत नाही. "घाबरू नका, उतरेल हे," त्या केवळाबाईला म्हणाल्या.

उतरेल हे ऐकल्यावर राजेश्रीचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिला सवयीनं कंठ फुटला. ती पलंगाशी वाकली. "बघा केवळाबाई, म्हणजे कसं आहे, आपल्या शरीरात यकृत नावाचा एक अवयव..."

केवळाबाईनं तिचा हात धरला. रानात, हौदापाशी बसताना धरला होता तसाच.

"मॅडम," ती म्हणाली, "राग धरू नका. तुमी लय केलं माझ्यासाठी. पर तुमी जरा भायेर बसा. मला डॉक्टरबाईसंगं बोलायचंय."

राजेश्रीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती बाहेर आली. मागं दार लागलं. बाकावर सुमनबाईंनी पिशवी उचलून तिला जागा केली. "काय झालं? काय म्हणाल्या डॉक्टर? काय झालंय तिला? सांगा की!"

आतून केवळाबाईचा आवाज येत होता. ती बराच वेळ बोलत होती, मध्ये डॉक्टरबाई काहीतरी विचारत होत्या, आणि ती पुन्हा बोलत होती. एवढी बोलते ही बाई, हे राजेश्रीला माहीत नव्हतं. शब्द कळत नव्हते. थोडी पुढं सरकून बसली असती तर कळलेही असते.

ती सरकली नाही. "मला नाही माहीत," ती सुमनबाईंना म्हणाली. "त्यांचं त्या सांगतायत."